कुराणवचनांकित संरक्षक वस्त्रे

कुराणवचनांकित संरक्षक वस्त्रे म्हणजे शस्त्र, रोग आणि दृष्ट यांपासून परिधान करणाऱ्याचे रक्षण व्हावे, या श्रद्धेने कुराणातील वचने, अल्लाहची नावे व अंकयंत्रे लिहून तयार केलेले सदरे. उस्मानी तुर्कस्तान, सफवी इराण आणि भारत येथील असे सदरे प्रसिद्ध आहेत. पश्चिम आफ्रिकेत अंगरख्यावर ताईत शिवण्याची प्रथा आहे. मराठीतील ‘ताईत’ हा शब्द अरबी ‘तावीझ’वरून आला. गळ्यात बांधायचा ताईत अंगभर पसरला की असा सदरा होतो, असे म्हणता येईल.

या कल्पनेला कुराणातच एक आधार सापडतो. १२व्या अध्यायात (सूरह यूसुफ) यूसुफचा सदरा चेहऱ्यावर टाकल्यावर त्याच्या वृद्ध पित्याला गेलेली दृष्टी परत मिळते. वस्त्रात कृपा साठू शकते, हा विचार तेथे आधीच आहे.

== लेखन ==
भारतीय सदरे सुती असून १५व्या व १६व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातील मानले जातात. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयातील एका सदऱ्यावर रंगीत चौकटी व वर्तुळे आखून त्यांत संपूर्ण कुराण लिहिले आहे. नारिंगी पट्ट्यावर अल्लाहची ९९ नावे सोनेरी अक्षरांत आहेत. भारतीय सदऱ्यांवर आढळणारे ‘बिहारी’ वळणाचे अक्षर १४व्या शतकाच्या अखेरीपासून उपखंडात प्रचलित होते आणि मुघल काळात मागे पडले. त्यामुळे सदऱ्याचा काळ ठरवताना अक्षराचे वळणच मोठा पुरावा ठरते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील, शहजादा जेमसाठी केलेल्या सदऱ्यावर मात्र काम सुरू झाल्याचे व संपल्याचे वर्ष दोन्ही नोंदलेले आहे: १४७७ ते १४८०. एका सदऱ्याला तीन वर्षे!

असा सदरा बाण अडवू शकत नाही आणि पाण्याने त्यावरची शाई बिघडते. शिवाय पवित्र वचने अंगावर असताना शौचाला जाणे अयोग्य मानले जाई. ताईत बांधण्यावरच धर्मशास्त्रज्ञांचे एकमत नव्हते. हदीसमध्ये ताईत लटकवण्याचा कडक निषेध आढळतो; कुराणवचनांच्या ताइताला अनेकांनी मुभा दिली, तर काहींनी तीही नाकारली. तरीही राजे व सरदार अशी वस्त्रे करवून घेत.

== दख्खन आणि सोलापूर ==
मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील सदऱ्याचे मूळ उत्तर भारत किंवा दख्खन असे दिले जाते. दख्खनच्या दरबारांत संरक्षक विद्यांना किती मान होता, हे विजापूरच्या ‘नुजूम अल्-उलूम’ (१५७०) या सचित्र ग्रंथावरून दिसते. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात तो जतन केलेला असून त्याचे कर्तृत्व पहिल्या अली आदिलशहाकडे दिले जाते. ग्रह, तिलिस्म, शस्त्रे आणि युद्धोपयोगी प्राणी हे सारे त्यात एकत्र येतात, जणू तलवारीची पारख आणि ग्रहांची शांती ही एकाच खात्याची कामे आहेत.

याच अली आदिलशहाला सोलापूरचा किल्ला चांदबीबीशी झालेल्या विवाहात अहमदनगरच्या निजामशाहीकडून हुंड्यात मिळाला. तालिकोटची लढाई (१५६५) त्यानंतरची. त्याआधीही हुंड्यात कबूल केलेले सोलापूर न दिल्यावरून दोन्ही सुलतानतींत युद्ध झाले होते. ज्या सीमेवरचा किल्ला लग्नात दिला जाई आणि लढाईत परत मागितला जाई, तेथील सरदाराला लोखंडी चिलखताखेरीज आणखी एका आवरणाची गरज वाटणे समजण्यासारखे आहे. भारतीय शस्त्रपरंपरेत चिलखतावर व शिरस्त्राणावरही कुराणवचने कोरलेली आढळतात. सुती सदऱ्यावरचा मजकूर तेथे धातूवर उतरला, एवढाच फरक.