शेण, दुर्गंधी आणि जिवाणूंची पंगत

निपाणी-बेळगाव रस्त्यालगतच्या आमच्या शाळेच्या पश्चिमेकडील तीन खिडक्या गेला पावसाळाभर बंद होत्या. भिंतीपलीकडे एका शेतकऱ्याचा गोठा; पाच म्हशी आणि लागूनच उकिरडा. मृगाचे पाणी त्यात साचले की वारा तो सारा दर्प सातवीच्या वर्गात आणून सोडी. पालकांनी पंचायतीकडे द्यावयाचा अर्ज लिहिला व पहिली सही मुख्याध्यापकांची म्हणून आमच्यापुढे ठेवला. त्या म्हशींच्या दुधावर शिकणारी मुलगी त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसत असे. आम्ही सही लांबणीवर टाकली आणि मराठीच्या माणसास शोभेल असे केले, म्हणजे पुस्तके काढून बसलो.

ताज्या शेणाने सारवलेल्या अंगणाचा वास आपणांपैकी कोणास नकोसा वाटतो? शेण मुतात कालवले गेले म्हणजे मात्र शेणातील जिवाणू मुतातील युरिया फोडून अमोनिया मोकळा करतात. नाकास झोंबतो तो हा. साचलेल्या पाण्याखाली, जेथे हवा पोचत नाही तेथे, दुसरे जिवाणू शेणाच्या चोथ्यापासून उग्र आंबट आम्ले करतात. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही तेथेच जन्मतो. ही आम्ले संपवून त्यांचा मिथेन वायू करणाऱ्या जिवाणूंची पंगत शेवटी बसते. ती मोठी नाजूक. तिला हवा सोसत नाही, थंडी मानवत नाही, आम्ले फार झाली की ती पानावरून उठते. उघड्या उकिरड्यात आधीच्या पंगतीचे उष्टे तसेच पडून राहते, आणि त्याची दुर्गंधी आपण शेणाच्या माथी मारतो.

गोबरगॅसच्या बंद विहिरीत हे जेवण पुरे होते. शेण आणि पाणी समभाग कालवून आत सोडावे. हवामानाप्रमाणे तीस ते पंचावन्न दिवस ते आत राहते. बाहेर पडणाऱ्या मळीला वास अगदी थोडा असतो आणि खतातले नत्रही टिकते. सुमारे 25 किलो शेणापासून घनमीटरभर वायू मिळतो. पाच म्हशींच्या घरी चूल पेटण्यास तेवढे शेण सहज निघते.

निपाणीहून फोंडा घाट उतरले की कणकवली. तेथे गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी गोबरगॅस व संडास यांची सांगड घातली. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकामाचा हक्क मिळावा म्हणून उपोषण करणारे हेच आप्पासाहेब. घाणीकडे पाठ फिरविणे त्यांना ठाऊकच नव्हते. पुढे देहूच्या डॉ. मापुस्करांनी हे काम आयुष्यभर वाढविले. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हल्ली उकिरड्यावर टाकण्यासाठी जिवाणूंच्या पुड्याही विकत मिळतात. त्यांचा गुण सर्वत्र सारखा येत नाही. वायू करणारे जिवाणू म्हशीच्या पोटातूनच ताज्या शेणाबरोबर येत असता, त्यांना जागा व वेळ न देता नवे विकत आणणे आम्हांस तरी पटले नाही.

शेतकऱ्यास आम्ही घरी जाऊन हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, अनुदानाची चौकशी केली आणि दिवाळीनंतर विहीर बांधली. मुतासाठी वेगळी पन्हळ काढून तिच्या तोंडाशी उसाचे पाचट पसरले. मधे एकदा घरच्या बाईंनी स्वच्छतेच्या हौसेने गोठा फिनेलने धुतला, ते पाणी विहिरीत गेले आणि आठवडाभर शेगडी पेटेना; फिनेलला बरेवाईट जिवाणू सारखेच. पुन्हा ताज्या शेणानेच काम सुरू झाले. पौषाच्या थंडीत वायू कमी येतो, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरीच आहे.

यंदा दोन खिडक्या उघडल्या. तिसरीची फळी पावसाने फुगून बसली आहे. सुतारास सांगितले आहे. अर्ज आमच्या खणात आहे.