मूठभर गोळ्या आणि चहाचा कप

वरळीच्या डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावर ग्लॅक्सो कंपनीचं ठाणं अनेक वर्षं होतं. या कंपनीची एल्ट्रॉक्सिन ही थायरॉइडची गोळी मुंबईतल्या कितीतरी घरांत सकाळी उठल्याबरोबर घेतली जाते. पुष्कळदा ती एकटी नसते. थायरॉइडची, बीपीची, कॅल्शियमची, रक्तवाढीची, अशा सगळ्या गोळ्या तळहातावर घ्यायच्या आणि चहाच्या घोटाबरोबर ढकलायच्या. ‘शेवटी सगळं पोटातच जायचंय’ ही त्यामागची समजूत. ती औषधाचं नुकसान करते, म्हणून हे लिहितोय.

पोटात, म्हणजे जठरात, औषध फारसं शोषलंच जात नाही. तिथं गोळी फुटते, विरघळते आणि पुढं सरकते. खरं काम लहान आतड्याचं. त्याच्या अस्तराला घड्या आहेत, घड्यांवर असंख्य सूक्ष्म उंचवटे आहेत. हे अस्तर पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल असं जुनी पुस्तकं सांगायची. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्यानं हिशेब मांडला, तेव्हा ते सुमारे ३० चौरस मीटर भरलं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या होतील, तेवढं. इथून औषध रक्तात उतरतं आणि आधी यकृतात जातं.

आता त्या मूठभर गोळ्यांकडे येऊ. थायरॉइडचं औषध सगळं नीट जमलं तरी ४० ते ८० टक्केच शोषलं जातं. त्यात कॅल्शियम किंवा लोह सोबत गेलं की ते औषधाला चिकटतं, आणि चिकटलेलं औषध अस्तर ओलांडू शकत नाही. म्हणून या गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं, आणि चहा-कॉफी व नाश्त्याआधी निदान अर्धा ते एक तास. चहातलं टॅनिन लोहालाही अडवतं, उलट लिंबूपाणी त्याला मदत करतं. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नकोत. ईसबगोल इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवावं. ‘आयुर्वेदिक आहे, कशाबरोबरही चालतं’ हेही खरं नाही. शंखभस्म हे कॅल्शियमचंच संयुग आहे. औषध केव्हा आणि कशाबरोबर घ्यायचं याचा विचार तर आयुर्वेदानं फार बारकाईनं केलाय. वरळीच्या पोदार रुग्णालयातल्या वैद्यांना विचारून पाहा.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्षानुवर्षं चहाबरोबर थायरॉइडची गोळी घेत असाल, तर डॉक्टरांनी मात्रा त्या सवयीवरच बसवलेली असते. सवय बदलायची तर आधी त्यांना सांगा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या.

‘औषध गरम पडतं, दुधाबरोबर घे’ हा घरोघरचा सल्ला. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि त्यांचा जोर कमी होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. तेव्हापासून पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनचं नाव लोकांच्या ओळखीचं झालंय. दुधानं तिचं तुलनेनं कमी बिघडतं, पण लोह आणि अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधांनी बिघडतं. ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, ग्लासभर पाण्याबरोबर, बसून. घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

सर्वांत निरुपद्रवी वाटते ती ‘गॅसची गोळी’. मला तिचीच जास्त काळजी वाटते, कारण लोक ती मनानं महिनोन्‌महिने घेतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. नायट्याची साथ आपल्याकडे हटत नाही. त्यावरची इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ती भरपेट जेवणानंतर घ्यायची असते. गॅसच्या गोळीतलं पँटोप्राझोल तेच आम्ल कमी करतं. मग नायटा जात नाही आणि दोष मलमाला मिळतो. क्षयावरच्या रिफाम्पिसिनचं याउलट आहे. ते रिकाम्या पोटी जास्त चांगलं शोषलं जातं. तेव्हा ‘सगळी औषधं जेवल्यावर’ असा सरसकट नियम नाही.

मधुमेहाची एसआर गोळी शौचात अख्खी दिसली म्हणून घाबरू नका. औषध तासन्‌तास हळूहळू झिरपून गेलेलं असतं, दिसतो तो रिकामा सांगाडा. अशी गोळी कुटून घेणं मात्र धोक्याचं, कारण दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

‘सुई घेतल्याशिवाय गुण येत नाही’ हाही गैरसमजच. मेट्रोनिडॅझोल, लिव्होफ्लॉक्सासिन यांची गोळी जवळजवळ पूर्ण शोषली जाते. रुग्णाला उलटी होत नसेल, तो अत्यवस्थ नसेल, तर सुईनं फार काही जास्त मिळत नाही. इन्सुलिनची गोष्ट निराळी, ते गिळलं तर पचूनच जातं. छातीतल्या कळेवरची सॉर्बिट्रेट गिळली तर तिचा मोठा भाग यकृतातच संपतो आणि परिणामही उशिरा होतो. ती जिभेखाली ठेवायची, तिथून थेट रक्तात जाते. गोळी ठेवताना बसून राहा, आणि पाच मिनिटांत छातीतली कळ थांबली नाही तर १०८ ला फोन करा.