वाटाण्याएवढी ग्रंथी

मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. इथला शेतकरी रब्बीची ज्वारी पेरतो. बी चांगले असले तरी तेवढ्याने भागत नाही. जमिनीत ओल लागते. ओल मिळाली की बी रुजते.

माणसाच्या अंगाचेही तसेच आहे. आपले अंग बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. पण पेशी आपल्या मनाने वाढत नाहीत. त्यांना ‘वाढा’ असा निरोप यावा लागतो. हा निरोप आणणाऱ्या द्रव्यांना वाढीचे घटक म्हणतात.

आपल्या मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिचे नाव पियूषिका. मुलांची उंची वाढवणारा रस ती रक्तात सोडते. ही ग्रंथी तयार कशी होते?

आईच्या पोटात गर्भ चार आठवड्यांचा होतो. तेव्हा त्याच्या तोंडाच्या वरच्या बाजूला एक इवलीशी पिशवी तयार होते. ती मेंदूकडे सरकते. मेंदूचा एक कोंब खाली येऊन तिला भिडतो. त्या कोंबातून वाढीचे घटक येतात. निरोप मिळाला की पिशवीतल्या पेशी भराभर वाढतात. पुढे त्या वाढायच्या थांबतात आणि आपापले काम उचलतात.

उंचीचा रस करणाऱ्या पेशींना मेंदूकडून आणखी एक खास निरोप येतो. तो ऐकायला त्या पेशींना जणू कानच असतात. हे कान जन्मापासून बिघडलेले असले तर? निरोप येतो, पण ऐकू जात नाही. पेशी थोड्याच राहतात. ग्रंथी लहान राहते. रस कमी पडतो. मूल जन्मते चारचौघांसारखे, पण पुढे त्याची उंची खुंटते.

हा दोष १९९६ साली भारतातल्या एका कुटुंबात सापडला. पुढे तो सिंध प्रांतातही आढळला. सिंधमधल्या त्या मोठ्या पुरुषांची उंची सरासरी सव्वाचार फूट होती. अंग प्रमाणात होते, बुद्धी शाबूत होती. दोन्हीकडे नात्यात लग्ने झाली होती. आई आणि बाप दोघांकडून तोच दोष आला, की तो मुलात उमटतो. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची चाल आहे. घराण्यात अशी उंची खुंटलेली माणसे असतील, तर लग्नाआधी डॉक्टरांना विचारावे.

उंची न वाढण्याची कारणे पुष्कळ आहेत. पोटभर अन्न न मिळणे हे एक. जुनाट दुखणे हे दुसरे. काही घरांत सगळेच ठेंगणे असतात. खरे कारण तपासणीनेच कळते. रस कमी पडत असेल, तर तो सुईने देता येतो. १९८५ सालापासून तो कारखान्यात तयार होतो. पण हाडांची वाढ संपण्याआधी सुई सुरू झाली पाहिजे. नंतर ती देऊन उंची वाढत नाही.

तेव्हा एक सोपे काम करा. मुलाला भिंतीशी उभे करा. डोक्याच्या पातळीला खूण करा. शेजारी तारीख लिहा. वर्षाने पुन्हा मोजा. चार वर्षांपुढचे मूल वर्षाला साधारण दोन इंच वाढते. फार कमी वाढले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. दृष्ट काढत बसू नका. मुलाला बुटका म्हणून हिणवू नका. आता तुम्हाला लिहिता येते. भिंतीवरची ती तारीख तुमच्या हातची असू द्या.