पटाशीच्या दातातले जुने फिलिंग बदलताना

पटाशीच्या दातात भरलेले कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे रेझिन, काही वर्षांनी पिवळट पडते, त्याची चमक जाते आणि कडेने तपकिरी रेघ उमटते. एवढ्यावरून ते काढून टाकावेच असे नाही. चहा, हळद, तंबाखू यांचे वरवरचे डाग पॉलिशने निघतात. उलट फिलिंग काढताना भोवतालचा थोडा निरोगी दातही घासला जातो आणि खड्डा दर वेळी मोठा होतो. फिलिंग तुटले असेल, हलत असेल किंवा कडेखाली कीड शिरली असेल, तर मात्र ते बदलणेच योग्य. कीड किती खोल गेली आहे, हे त्याआधी एक्स-रे काढून पाहिले जाते.

रंग ठरवण्याचे काम सर्वांत आधी, दात ओला असतानाच उरकावे लागते. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकून पांढरट दिसतो. त्या रंगाशी जुळवलेले फिलिंग, दात पुन्हा ओला झाल्यावर, वेगळे उठून दिसते. शेड गाइडवरचा, म्हणजे रंगनमुन्यांच्या पट्टीवरचा, नंबर पाहून काम भागत नाही. निवडलेल्या कंपोझिटचा लहानसा गोळा दातावर ठेवून, निळ्या प्रकाशाने कडक करून पाहावा, कारण कडक होताना काही कंपोझिटचा रंग बदलतो. दात ब्लीच करायचे असतील तर तेही आधीच. फिलिंगवर ब्लीचचा परिणाम होत नाही. शिवाय ब्लीचनंतर सुमारे दोन आठवडे थांबले नाही तर नवे कंपोझिट नीट चिकटत नाही.

जुने फिलिंग आणि कीड काढून झाल्यावर दर्शनी बाजूची एनॅमलची (दाताच्या बाहेरच्या आवरणाची) कड किंचित तिरपी घासतात, म्हणजे सांधा दिसत नाही. मग सुमारे ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून धुतात. आम्लाने खरखरीत झालेल्या एनॅमलला रेझिन घट्ट धरते, हे दंतसंशोधक मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवले होते. या वेळी दाताला थुंकी लागली तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून रबर डॅमचा, म्हणजे दात कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा, आग्रह धरावा.

खरे कसब थर चढवण्यात आहे. दाताच्या आतले डेंटिन अपारदर्शक आणि पिवळसर असते, वरचे एनॅमल अर्धपारदर्शक. एकाच शेडने भरलेला दात म्हणूनच निर्जीव दिसतो. आधी मागच्या बाजूची पातळ भिंत, मग डेंटिनच्या शेडचा थर, त्यावर एनॅमलचा थर, असे काम होते. टोकाशी जवळजवळ पारदर्शक पट्टी सोडली की दात खरा वाटू लागतो. नेहमीच्या कंपोझिटचा एक थर २ मिलिमीटरहून जाड नसावा, नाहीतर प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. शेवटी बारीक डिस्कने पॉलिश करताना शेजारच्या दातावरच्या उभ्या खाचा नव्या फिलिंगवरही हलक्या हाताने उमटवाव्यात. प्रकाश दोन्हींवरून सारखाच परावर्तित झाला तरच डोळा फसतो.

रंग जुळला की नाही, याचा निवाडा खुर्चीवरून उठताच करू नये. दोन-तीन दिवसांनी खिडकीच्या उजेडात आरसा धरून पाहावे आणि फरक दिसलाच तर दंतवैद्याकडून वरचा थर दुरुस्त करून घ्यावा. त्यासाठी सगळे फिलिंग पुन्हा काढावे लागत नाही.