घरांतील वीज आणि घरधन्याचा हात

शेतकरी हा जात्याच स्वतःच्या हातानें काम करणारा. विळ्याची मूठ निघाली, गोठ्याचें कौल फुटलें, पंपाचा वॉशर फाटला, तर तो कोणाची वाट पाहत बसत नाहीं. या गुणाची थोरवी आम्ही मानतों. शेतीचा निम्मा संसार त्यावरच उभा आहे. परंतु आपल्या घरांत एक वस्तु अशी आली आहे कीं, तिच्या बाबतींत हाच गुण घरधन्यास दगा देतो. ती वस्तु म्हणजे वीज. आजच्या अंकीं या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोलशेत हें ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठीं वसलेलें जुनें गांव. भाताचीं खाचरें, खाडींतील मासेमारी आणि रेतीचा व्यवसाय यांवर तेथील संसार चालत असे. ठाणें महानगरपालिका १९८२ सालीं स्थापन झाली. आज हें गांव तिच्या हद्दींत असून खाचरांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. गांवठाणांतील जुन्या घरांस मात्र खोलीमागून खोली जोडली गेली. जेथें पूर्वीं दोन दिवे व एक पंखा होता, तेथें आतां शीतकपाट, कपडे धुण्याचें यंत्र, पाणी तापविण्याचा गीझर आणि पाणी वर चढविणारी मोटर आली. घर वाढलें, भार वाढला. तारा मात्र पुष्कळ ठिकाणीं जुन्याच राहिल्या, किंवा घरच्याच कोणीतरी त्यांस नवे फांटे फोडले.

गेल्या पावसाळ्यांत तेथील एका स्नेह्यांकडे आमचें जाणें झालें. हे गृहस्थ मूळचे भातशेतीचे धनी. घरामागें त्यांनीं चार खोल्या भाड्यानें देण्यासाठीं बांधल्या असून त्यांतील सर्व तारकाम त्यांनीं स्वतःच केलेलें होतें, व त्याचा त्यांस रास्त अभिमानही होता. आम्ही ओटीवर बसलों असतां त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मामा, शेवटच्या खोलींतला पोर न्हाणीच्या नळाला हात लावायला भितो. झिणझिण्या येतात म्हणतो." त्यावर आमचे स्नेही सहज म्हणाले, "ओल आहे, दुसरें काय! पावसाळा सरला कीं थांबेल."

आम्हांस तें उत्तर पटलें नाहीं. आम्हीं आग्रह धरला आणि सायंकाळीं परवाना असलेला एक वायरमन आणविला. त्यानें मुख्य कळ बंद करून त्या न्हाणीबाहेरील गीझरचा प्लग उघडला. भोकें तीन होतीं, तारा दोनच. अर्थिंगच्या भोकास तारेचा एक तुकडा जोडून तो न्यूट्रलच्या खिळ्यास बांधलेला होता. जमिनींत जाणारी खरी अर्थिंगची तार त्या खोलीपर्यंत आलेलीच नव्हती. पुढें त्यानें न्यूट्रलची तार मागें मागें शोधीत नेली. ओल्या भिंतींत चिकटपट्टी गुंडाळलेला एक सांधा निघाला. खाडीच्या खाऱ्या दमट हवेनें तांबें हिरवें पडलें होतें आणि दोनतीन बारीक तंतूंवर सारें काम चाललें होतें.

याचा अर्थ वाचकांनीं नीट समजून घ्यावा. फेजच्या तारेनें वीज येते व न्यूट्रलच्या तारेनें ती परत जाते. गीझरच्या पत्र्याच्या अंगास हीच परतीची तार अर्थिंग म्हणून बांधली, तर ती शाबूत असेतों कांहीं दिसत नाहीं. तिचा सांधा ढिला झाला कीं पत्र्यावर थोडा दाब चढतो व झिणझिण्या येतात. तो सांधा पुरता सुटला, तर फेजची वीज गीझरच्या तापक कांडींतून जाऊन पत्र्यावर उभी राहते, आणि लोखंडी नळीनें थेट नळाच्या तोटीपर्यंत पोंचते. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून त्या तोटीस जो हात लावील, तोच परतीची वाट होतो. आमचे स्नेही बराच वेळ त्या उघड्या प्लगाकडे पाहत उभे राहिले. शेवटीं ते एवढेंच म्हणाले, "दहा वर्षें दिवे लागत होते हो!"

सगळा घोटाळा या एका वाक्यांत आहे. दिवा लागतो याचा अर्थ वीज तेथवर पोंचते, इतकाच. ती सुरक्षित वाटेनें येते आणि जाते, याची साक्ष दिवा देत नाहीं. नांगराचा फाळ वांकडा बसला तर तास वांकडें पडतें. बांध कच्चा राहिला तर पाणी फुटतें. तेथें चूक आपण होऊन डोळ्यांसमोर येते आणि शेतकरी तीवरून शिकतो. तारकामांतील मोठ्या चुका मात्र मुक्या असतात. कळ फेजऐवजीं न्यूट्रलच्या तारेवर बसविली, तरी दिवा विझतो. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरांत वीज तशीच उभी असते. अर्थिंग मुळींच नसलें, तरी पंखा फिरतो. एक चौरस मिलिमीटरच्या तारेवर दोन हजार वॅटचा गीझर लावला, तरी पाणी तापतें. पण सुमारें नऊ अँपिअरचा प्रवाह भिंतींतील ती तारही तापवीत असतो. अशा चुका शिकवीत नाहींत. त्या वर्षानुवर्षें दबा धरून बसतात.

"पण आमच्या घरीं फ्यूज आहे, तो उडेल," असें पुष्कळ जण म्हणतात. ही समजूत घातक आहे. ओल्या अंगाचा विजेस होणारा विरोध सुमारें एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या दाबानें देहांतून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडून माणूस दगावण्यास सुमारें शंभर मिलिअँपिअर कांहीं क्षण पुरेसे होतात. तीसच्या वर गेल्यापासूनच जिवास धोका मानतात. घरांतील दिव्यांचा फ्यूज किंवा एमसीबी असते सहा अँपिअरची, म्हणजे त्या प्रवाहाच्या पंचवीस पटीहून अधिक. माणूस तारेस चिकटून मेला तरी फ्यूजला त्याची खबर लागत नाहीं. फ्यूज तारेस जळण्यापासून वांचवितो. माणसास वांचविणें हें त्याचें काम नव्हे. त्यांतही कोणी फ्यूजच्या जागीं तांब्याचा जाड तंतु बांधला, तर तारेचें रक्षणही संपलें.

माणसाच्या रक्षणास दोन गोष्टी लागतात. पहिली, खरें अर्थिंग, म्हणजे जमिनींत पुरलेल्या नळीपासून प्रत्येक प्लगाच्या तिसऱ्या भोकापर्यंत अखंड आलेली हिरवी तार. दुसरी, आरसीसीबी हें उपकरण. गेलेली व परतलेली वीज यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला कीं, डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तें वीज तोडतें. हें उपकरण घरांत बसवून घ्यावें, आणि त्यावरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. बटण दाबल्यावर वीज गेली नाहीं, तर तें उपकरण निकामी झालें असें समजावें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. कायदा घरधन्याचे हात सरसकट बांधीत नाहीं. १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांत एक शहाणपणाची मर्यादा आंखलेली होती. २०१० च्या व २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ती कायम आहे. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, बटणें व घरगुती उपकरणें जशास तशीं बदलण्यास परवाना लागत नाहीं. मात्र त्या बदलानें मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप पालटतां कामा नये. त्यापलीकडचें काम, म्हणजे नवी तार ओढणें, फांटा वाढविणें, बोर्ड बदलणें, अर्थिंग करणें, हें राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडून, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं व परवानाधारक तारतंत्र्याच्या हातूनच झालें पाहिजे.

इतर देशांची रीतही पाहण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियांत घरधन्यास पक्क्या तारकामाची जवळजवळ बंदीच आहे. शेजारच्या न्यूझीलंडमध्यें स्वतःच्या घरांतील कांहीं तारकाम घरधन्यास करतां येतें. परंतु परवानाधारक निरीक्षकानें तें तपासल्याखेरीज त्यास वीज जोडतां येत नाहीं. इंग्लंडांत २००५ पासून घरांतील ठराविक तारकामाची सूचना स्थानिक अधिकाऱ्यांस द्यावी लागते, किंवा नोंदणीकृत कारागिराकडून तें करवावें लागतें. म्हणजे मोकळीक कमी असो वा जास्त, काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणत्या डोळ्यानें तें तपासलें पाहिजे, हें तत्त्व बहुतेक ठिकाणीं मान्य झालेलें आहे.

आमचे वाचक म्हणतील, "हें सर्व खरें, पण लहान कामास वायरमन येतो कोठें? आणि जो येतो त्याच्यापाशीं तरी परवाना असतो काय?" ही तक्रार खोटी नाहीं. खांद्यावर पक्कड अडकविली म्हणजे वायरमन झाला, असा प्रकार आम्हीं पुष्कळ पाहिला आहे. म्हणूनच आमची सूचना अशी कीं, माणूस बोलावतांना मजुरीआधीं परवाना पाहावा, आणि काम संपल्यावर पैसे देण्याआधीं चाचणी मागावी. मेगर या यंत्रानें तारांचें आवरण शाबूत आहे कीं नाहीं तें कळतें. तो आंकडा एक मेगओहमहून कमी नसावा. अर्थिंगची मापणी निराळ्या यंत्रानें होते. हे आंकडे कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद सातबाराच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावा. लहान कामासाठीं कोणी येत नसेल, तर आळींतील चारपांच घरांचीं कामें एकत्र करून एकाच दिवशीं बोलवावें. आपल्या सोसायट्यांनीं परवानाधारकांची यादी कार्यालयांत लावली, तर सभासदांची मोठी सोय होईल.

घरधन्यानें स्वतः काय करावें? दिवा, पंख्याचा रेग्युलेटर किंवा फुटलें बटण बदलावयाचें असेल, तर भिंतीवरील कळीवर विसंबूं नये. मुख्य कळ बंद करावी, घरच्यांस सांगून ठेवावें, आणि टेस्टरनें खात्री करावी. तो टेस्टर आधीं चालू प्लगावर पारखून घ्यावा, कारण बिघडलेला टेस्टरही "वीज नाहीं" असेंच सांगतो. पाय कोरडे असावे, पायांत रबरी वहाणा असाव्या. उघडल्यावर आंत काळवंडलेली तार, वितळलेलें आवरण किंवा न समजणारी जोडणी दिसली, तर झांकण पुन्हा लावून जाणत्यास बोलवावें. यांत कमीपणा मुळींच नाहीं. कपडे वाळविण्यास लोखंडी तार वापरूं नये, दोरी बांधावी. घराच्या पत्र्यास चाटून गेलेली विजेची तार आणि पत्र्यास बांधलेली वाळवण्याची तार यांनीं पावसाळ्यांत माणसें दगावलीं आहेत.

घराबाहेरची गोष्टही याच जातीची आहे. डीपीवरचा फ्यूज गेला आणि लाइनमन आला नाहीं, तर पिकाच्या काळजीनें शेतकरी स्वतःच तेथें हात घालतो. ती काळजी आम्ही जाणतों; परंतु रोहित्राच्या एका बाजूस अकरा हजार व्होल्टचा दाब असतो आणि तेथें दुसरी संधि मिळत नाहीं. तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवावी. पंपास लावलेला ऑटो स्विचही काढून टाकावा. वीज येतांच सर्व पंप एकदम चालूं होतात, रोहित्रावर भार येतो आणि तो फ्यूज वारंवार जाण्याचें तें एक कारण असतें. गोठ्याकडे विशेष लक्ष द्यावें. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठें असल्यामुळें, जमिनींत उतरलेल्या ज्या विजेनें माणसास नुसता झटका बसतो तिनेंच बैल जागीं पडतो.

कोणी तारेस चिकटलाच, तर त्यास हातानें ओढूं नये, ओढणाराही जातो. प्रथम मुख्य कळ बंद करावी. तें शक्य नसल्यास कोरड्या लांकडानें किंवा बांबूनें तार दूर सारावी. श्वास थांबला असल्यास छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. देशाच्या अपघाती मृत्यूंच्या अलीकडील अहवालांत विजेच्या धक्क्यानें मेलेल्यांची संख्या दरवर्षीं दहा हजारांहून अधिक दिसते. त्यांतले पुष्कळ जण वांचूं शकले असते, असें आम्हांस वाटतें.

कोलशेतच्या आमच्या स्नेह्यांनीं चारही खोल्यांचें तारकाम परवानाधारकाकडून नव्यानें करवून घेतलें, दोन अर्थिंग पुरलीं, आरसीसीबी बसविली. खर्च झाला, पण भाड्यानें दिलेल्या खोलींत राहणाऱ्या लेंकराचा जीव आपल्या हातच्या सांध्यावर टांगलेला होता, ही जाणीव त्यांस त्या खर्चाहून जड वाटली. आम्हींही घरीं परतल्यावर स्वतःच्या घराची चाचणी करविली. दोन खोल्यांतील अर्थिंगची तार बोर्डामागें कोठेंच न जोडलेली, मोकळी लोंबत होती. तें काम आमच्याच हातचें होतें, आणि तेथेंही दिवे लागतच होते.

सभासद बंधूंनीं दिवाळीपूर्वीं, रोषणाईच्या माळा लावण्याआधीं, आपल्या घराची एकदां अशी तपासणी करवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आणि घरांतलें मूल नळास हात लावण्यास भितें असें कोणी सांगितलें, तर त्या मुलावर विश्वास ठेवावा.