क्रमांक ८४३३.५३

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सीमाशुल्काच्या दप्तरात एक क्रमांक असतो. बटाटा, बीट असं जमिनीखालचं पीक काढणाऱ्या यंत्राचा क्रमांक ८४३३.५३. माल न्हावाशेवाला उतरो की शांघायला, हे सहा आकडे तेच. या यादीतला शेजारही मजेचा आहे. ५१ वर गव्हाचं कम्बाईन, ५९ च्या ‘इतर’ या अडगळीत ऊसतोडणी यंत्र आणि ६० वर चक्क अंडी निवडणारं यंत्र! यादी करणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण बटाटा आणि अंडं यांचा शेजार मला पटतो. बटाटा टणक दिसतो खरा, पण थोड्या उंचीवरून पडला तरी आतून काळा पडतो.

गव्हाची कापणी त्या मानाने सोपी. पीक डोळ्यांसमोर उभं असतं, कापलं की झालं. बटाटा मात्र मातीत दडलेला, मातीच्याच रंगाचा आणि ढेकळाच्याच आकाराचा. हेक्टरभर रानाचा नुसता दहा सेंटिमीटरचा थर उचलला, तरी हजार घनमीटर माती होते, म्हणजे हजार टनांहून जास्त वजन. त्यात बटाटे किती? पंचवीस-तीस टन. आणि यंत्राचा फाळ काही दहा सेंटिमीटरवर थांबत नाही. म्हणजे हे काढणीचं यंत्र कमी आणि चालतीफिरती चाळण जास्त. लोखंडी सळ्यांच्या फिरत्या पट्ट्यावरून माती गळत जाते, बटाटे वर राहतात. पण कसलेला चालक सगळी माती गळू देत नाही. पहिल्या पट्ट्यावर थोडी मुद्दाम ठेवतो, बटाट्यांना गादी म्हणून.

ढेकूळ गळत नाही, दगड तर नाहीच. स्कॉटलंडची जमीन दगडगोट्यांची. तिथल्या अभियंत्यांनी गेल्या शतकात वेगळीच वाट काढली. बटाट्यातून एक्स-किरण सहज पार जातात, दगड-ढेकळातून कमी. मग पट्ट्यावरची प्रत्येक वस्तू किरणांपुढून न्यायची, आणि यंत्रानेच दगड बाजूला सारायचा! हाड मोडल्यावर आपला जो एक्स-रे काढतात, तो तिथे बटाट्यांचा निघाला.

अशी यंत्रं बनवणारी गावं थोडी. जर्मनीतल्या डामं इथली ग्रिमे कंपनी १८६१ साली लोहाराच्या भात्यापासून सुरू झाली. देवुल्फ आणि एव्हीआर या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या बेल्जियममधल्या रूसेलारे या एकाच गावच्या. तळलेल्या बटाट्यावर जीव टाकणाऱ्या देशात असं घडावं, यात नवल नाही. पश्चिम युरोपात वापरून झालेली यंत्रं पुढे पूर्वेकडच्या देशांत दुसरा संसार थाटतात.

बटाटा पिकवण्यात चीन पहिला, भारत दुसरा. तरीही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरमागचं साधं यंत्र बटाटे उकरून रानावर टाकतं आणि मागून बाया पाट्या घेऊन वेचत जातात. स्वस्त मजुरी आणि लहान शेतं ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला गंमत वाटते ती सरीच्या अंतराची. युरोपात दोन वरंब्यांत साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर, आपल्याकडे बरेचदा साठ. पंचाहत्तरसाठी घडलेलं यंत्र साठच्या रानात घातलं, तर फाळ वरंब्याच्या मधोमध बसत नाही, चाक बटाट्यांवर चढतं आणि यंत्राऐवजी रोलर आणल्यासारखं होतं. म्हणून काढणी यंत्राआधी लागवडीचं यंत्र आणावं लागतं. ते आणायचं तर सरीची आखणी बदलावी लागते, सरी बदलली की ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतरही बदलावं लागतं. महिंद्राने देवुल्फबरोबर पंजाबात २०२० साली जे यंत्र बाजारात आणलं, तेही बटाटा लावायचंच यंत्र होतं.

ही साखळी ओढतं कोण? बऱ्याच अंशी फ्रेंच फ्राइज. गुजरातेत डीसा, मेहसाणा या पट्ट्यात कारखान्यांसाठी करारावर बटाटा पिकतो. कारखान्याला ठरल्या आकाराचा, डाग नसलेला माल हवा, आणि तोही ठरल्या वेळी. गोणीतून मंडईत जाणाऱ्या बटाट्याचे एवढे लाड कोणी करत नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर तर खरिपाचा बटाटा, काढणीला परतीचा पाऊस. चिखलात सळ्यांची चाळण काय चाळणार?

जुनं यंत्र आयात करताना सगळ्यात धोक्याचा ऐवज कागदांवर दिसत नाही. तो म्हणजे सळ्यांना चिकटलेली चमचाभर माती. बटाट्याच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमीच्या पुटकुळ्या मातीत वीस-वीस वर्षं जिवंत राहतात. भारतात ही कीड १९६१ साली निलगिरीत सापडली. परवान्याशिवाय परकी माती देशात आणायला आपल्याकडे बंदी आहे. त्यामुळे जन्मभर बटाट्यांची माती झाडलेल्या यंत्राला बोटीवर चढण्याआधी स्वतःच न्हाऊन, कानाकोपऱ्यातली माती धुऊन घ्यावी लागते.