संगणकाचा आजार आणि मावशींची तक्रार

डॉक्टरांच्या स्मरणिकेत संगणकाच्या दुरुस्तीवरचा लेख पाहून वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. मी निपाणीत गेली अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. विजेच्या बाबतीत माझे कर्तृत्व उडालेल्या फ्यूजची तार बदलण्यापलीकडे कधी गेले नव्हते. तरीही एका पावसाळ्यात दवाखान्यातील बंद पडलेल्या संगणकाने मला रोगनिदानाचा जो धडा पुन्हा गिरवायला लावला, तो आपल्या व्यवसायबंधूंना सांगावा असे फार दिवस मनात होते.

२०१९ सालच्या ऑगस्टमधील महापूर सीमाभागात कोणी विसरलेले नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या साऱ्या नद्यांनी पात्रे सोडली होती. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि आमची कोल्हापूरची वाट बंद झाली. नदीकाठच्या गावांतील माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी नातेवाइकांकडे आणि शाळांत आश्रयाला आली. दवाखान्यात ताप, जुलाब आणि चिखल्यांचे रुग्ण येत होतेच. पण मला खरी काळजी वाटत होती ती रक्तदाब, मधुमेह आणि फिट्सच्या जुन्या रुग्णांची. त्यांचे कागद पुरात गेले होते, औषधे गेली होती. “डॉक्टरसाहेब, ती बारीक पांढरी गोळी, सकाळी एक,” एवढ्या आधारावर औषध कसे लिहून द्यायचे? त्या सर्वांच्या नोंदी माझ्या संगणकात होत्या. दुसरी प्रत मात्र कुठेही नव्हती. ही माझी पहिली चूक.

एक दिवसभर वीज नव्हती. संध्याकाळी ती आली, दिवे लागले, पंखे फिरले. संगणक मात्र निपचित पडून राहिला. बटण दाबले की आतला पंखा क्षणभर हलल्यासारखे करी आणि थांबे. कोल्हापूरच्या तंत्रज्ञाला फोन केला. “मदरबोर्ड गेला असणार. रस्ता सुरू झाला की येतो,” तो म्हणाला. रुग्णाला न पाहता फोनवर केलेल्या निदानाबद्दल आपण मंडळी किती नाराजी व्यक्त करतो! त्या दिवशी मात्र ते निदान मी मुकाट्याने ऐकून घेतले.

आमच्या मागच्या गल्लीत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. वॉल्व्हच्या रेडिओपासून रंगीत टीव्हीपर्यंत सर्व काही त्यांनी दुरुस्त केलेले आहे. सारे त्यांना काका म्हणतात. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले आणि त्यातून पुढे केवढा उद्योग उभा राहिला, ही कथा ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतात. मी निरोप धाडला. काका भर पावसात छत्री आणि मल्टिमीटर घेऊन आले, भिजलेल्या चपला दाराबाहेर काढून ठेवल्या आणि संगणकाला हात न लावता खुर्चीवर बसले. “आधी सांगा, कधीपासून त्रास देतोय?” हा त्यांचा पहिला प्रश्न. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी वॉर्डात आम्हाला हेच शिकविले होते.

आठवू लागलो तसा इतिहास बाहेर आला. गेले काही महिने सकाळी संगणक पहिल्या प्रयत्नात सुरू होत नसे. दोन-तीनदा बटण दाबावे लागे. एकदा तापला की दिवसभर चाले. मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. पंख्याची घरघर वाढली होती. काकांनी मान डोलावली. “मदरबोर्ड नव्हे, एसएमपीएस दमलाय,” ते म्हणाले, आणि लगेच पुढे, “पण हा अंदाज झाला. तपासल्याशिवाय खरं नाही.”

संगणकाच्या मागील बाजूस, जिथे वायर जोडतो, तो पत्र्याचा चौकोनी डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाच्या नाजूक अवयवांना सोसणारी नसते. हा डबा प्रथम तिचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि शेवटी १२, ५ व ३.३ व्होल्ट असे बेताचे घास करून वाटतो. घास एकसारखा राहावा म्हणून वाटेत कपॅसिटर नावाची छोटी नळकांडी असतात. त्यांच्यातील द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे आटत जातो. थंड असताना ती अधिकच अशक्त होतात. म्हणून सकाळी यंत्र कुरकुरते आणि तापल्यावर चालते. आपल्या संधिवाताच्या रुग्णांची सकाळ आठवावी.

तपासणी क्रमाने झाली. प्रथम त्याच सॉकेटला टेबललँप लावून वीज येते याची खात्री केली. मग वायर बदलून पाहिली. मग वायर काढून संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. डब्यातून मदरबोर्डकडे व इतर भागांकडे जाणारे सारे जोड काकांनी सोडविले. चोवीस टोकांच्या मोठ्या जोडात एकच हिरवी तार असते. ती काळ्या तारेला जोडली की एसएमपीएसला ‘सुरू हो’ असा संदेश मिळतो. एरवी हे काम मदरबोर्ड करतो. काकांनी त्या दोन छिद्रांत कागदाला लावायची तारेची क्लिप वाकवून घातली आणि मगच वीज सुरू केली. पंखा फिरू लागला. जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळाले, पिवळीवर ११.९. मी म्हणालो, “हे तर नॉर्मल आहे!”

“बसलेल्या माणसाची नाडी बघितलीत. आता जिना चढायला लावा.” काकांनी वीज बंद करून भार म्हणून एक जुना सीडी ड्राइव्ह डब्याला जोडला. पिवळ्या तारेवरचा आकडा ११.९ वरून १०.४ वर घसरला आणि थरथरू लागला. या तारेवर पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६ पर्यंत चालते. विश्रांतीतील ईसीजी स्वच्छ असावा आणि ट्रेडमिलवर दोष दिसावा, तसेच हे. निदान पक्के झाले.

माझा उत्साह एवढा वाढला होता, की मी स्क्रू-ड्रायव्हर उचलून डबा उघडायला सरसावलो. काकांनी माझे मनगट धरले. “वायर काढली म्हणून आतली वीज जात नाही, डॉक्टरसाहेब. ३२५ व्होल्ट आत दबा धरून बसलेले असतात.” विहिरीवरच्या मोटारीला चिकटलेला शेतकरी मी तपासला आहे, तळहातावर जळल्याची लहानशी खूण आणि थांबलेले हृदय, हे दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. तरीही त्या क्षणी मी तो डबा उघडणारच होतो. घरच्या घरी कुठवर जावे, याची सीमा मला तेव्हा कळली. निदान करावे, अख्खा डबा बदलावा. डब्याच्या आत मात्र त्यातल्या तज्ज्ञानेच जावे. आपणही पोट बाहेरूनच तपासतो आणि गरज पडली तर रुग्ण सर्जनकडे पाठवितो.

माझ्या मुलाचा जुना संगणक माळ्यावर पडून होता. त्यातला एसएमपीएस काढला. त्याची क्षमता पुरेशी आहे, मोठा जोड तसाच आहे आणि प्रोसेसरजवळचा चार टोकांचा जोडही आहे, हे पाहून तो बसविला. चार स्क्रू आणि अर्धा तास. रात्री साडेनऊला पडदा उजळला आणि रुग्णांची यादी समोर आली. खोटे कशाला सांगू, मला हुंदका आला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिट्सच्या एका मुलाचा डोस त्याच नोंदीतून अचूक देता आला.

येथे लेख संपायला हवा होता. पण त्या रात्री निघताना काकांनी संगणकाच्या पत्र्यावर सहज हात टेकला आणि झटक्याने मागे घेतला. ते अनवाणी होते, फरशी ओली होती. “याला करंट हाय की!” दारात आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी कवाधरनं सांगालोय की, फरशी पुसताना त्या डब्याला हात लागला की मुंग्या येत्यात.”

खरे होते. त्यांनी ते मला दोनदा तरी सांगितले होते. मी हसून म्हटले होते, “मावशी, वय झालं. बी-कॉम्प्लेक्स घ्या.”

एसएमपीएस बदलूनही मुंग्या येत होत्या, म्हणजे दोष त्या डब्याचा नव्हता. काकांनी शंभर वॅटचा दिवा घेतला. सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये तो लख्ख पेटला. फेज आणि वरच्या जाड छिद्रातील अर्थिंगमध्ये मात्र पेटलाच नाही. दवाखान्याला अर्थिंग नव्हतेच! एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी लहान कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग तुटले की तो पत्रा सुमारे निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह साधारणतः एका मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो. त्याने मुंग्या येतात, जीव जात नाही. चप्पल घातलेल्या डॉक्टरला तो जाणवत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मावशींना जाणवतो.

भीती त्या मुंग्यांची नव्हती. त्याच बोर्डावर ईसीजीचे यंत्र होते, मुलांना वाफ देण्याचा नेब्युलायझर होता, सक्शन मशीन होते. यांपैकी पत्र्याचे आवरण असलेल्या एखाद्याच्या आत एक तार जरी सुटून आवरणाला टेकली असती, तर पूर्ण २३० व्होल्ट बाहेर येऊन बसले असते आणि ते वाहून नेणारी वाटच नव्हती. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हात सुटत नाही. त्याच्या काही पटींत हृदयाची लय बिघडते. हे आकडे मला पाठ होते. माझ्याच टेबलाखाली ते लागू पडतात, हे मला सुचले नव्हते.

पूर ओसरल्यावर खोदकाम केले. अंगणात फरशी घालताना अर्थिंगची जुनी तार तुटली होती आणि वर सिमेंट पडले होते. कोळसा, मीठ घालून नवा खड्डा केला, नवी तार ओढली आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी बसविले. काकांनी पुन्हा दिवा लावून पाहिला. या वेळी तो पेटण्याआधीच आरसीसीबी खटकन पडले. “आता बरोबर हाय,” काका म्हणाले.

जुना डबा काकांनी त्यांच्या टेबलावर उघडला. आधी मीटरने आतला दाब मोजला, रेझिस्टरमधून तो उतरविला, मगच हात घातला. आत तंबाखूच्या धुळीचा बोटभर थर होता. आमच्यासमोर तंबाखूची वखार आहे. निपाणीच्या छातीत जाणारी धूळ संगणकाच्या छातीतही गेली होती. पंखा जाम झाला, उष्णता वाढली आणि दोन कपॅसिटर माथ्यावर फुगले. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच व्होल्टचे आणि १०५ अंश सेल्सिअस सोसणारे नवे कपॅसिटर त्यांनी धन-ऋण टोके पाहून डाकले. डबा चालू झाला. तरी दवाखान्यासाठी नवाच घ्या, हा जुना घरी वापरा, असा त्यांचा आग्रह होता, आणि मी तो मानला.

वाचकांना माझे सांगणे थोडके आहे. नोंदींची दुसरी प्रत दवाखान्याबाहेर ठेवावी. वर्षातून दोनदा, वायर काढून, संगणकाच्या जाळीवरची धूळ बाहेरून झटकावी. यंत्र रोज सकाळी कुरकुरू लागले तर ते पूर्ण बंद पडण्याची वाट पाहू नये. आणि येत्या रविवारी एखाद्या जाणत्या वायरमनला बोलावून दवाखान्यातील प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. केवळ तीन छिद्रे दिसतात म्हणून समाधान मानू नये.

मावशी अजून आमच्याकडे आहेत. फरशी पुसून झाली की त्या संगणकाच्या पत्र्याला मुद्दाम बोट लावून पाहतात आणि माझ्याकडे बघून मान हलवितात. मीही काम थांबवून विचारतो, “काय मावशी, मुंग्या?” त्यांचे उत्तर आल्यावरच मी पहिल्या रुग्णाला आत बोलावतो.